कडूबा आणि पंचायतीचा फलक

माझा धाकटा दीर कडूबा जन्माचा आंधळा, पण जीभ अशी की डोळस माणूस रस्ता बदलतो. चौकात भाजी विकतो.

साठाव्या वर्षी हा खामगावले शिकायले गेला. तिथली एक संस्था आंधळ्यांना बोलणारा फोन देते, तो वापरायला शिकवते. समोर कागद धरा, वाचून दाखवतो. वस्तू धरा, नाव सांगतो. एआय म्हणतात त्याला. पैशाची रीत मात्र उफराटी. शिकवणीचा खर्च एक दाता आधी घालतो. सहा महिन्यांनी दहापैकी आठ जण फोन खरोखर वापरत असले, तरच दुसरा दाता त्याचा खर्च भरून देतो. नाहीतर पुढचा वर्ग बंद. माझ्या नातीला, समतालाही दिसत नाही. ती त्याच वर्गाची वाट पाहून राह्यली होती.

सात पास झाले, दोन नापास. उरला कडूबा. घ्या! पोरीचं शिक्षण याच्या हाती.

तपासायला अनुपमा मॅडम चौकात त्याच्या भाजीपाशी आल्या; मी अन् समता तिथंच होतो. नोट पुढे करून म्हणाल्या, "काका, फोनला विचारा, कितीची आहे?"

यानं बोट फिरवलं. "पन्नासची. कोपरा फाटेल आहे, दुसरी द्या."

फोन खिशातच. मॅडमनी जुडी धरली. यानं हुंगली. "शेपू. कालचा आहे, पण कोणाले सांगू नका."

"वापर नाही," मॅडम लिहिता लिहिता पुटपुटल्या. समतानं माझा हात घट्ट धरला.

"अरे मेल्या, फोन काढ की!" मी ओरडले.

"काऊन? मी काय आंधळा आहो का, वयनी?"

तेवढ्यात सरपंच पंजाबराव तणतणत आले. "मॅडम, तुम्हीच का त्या फोनवाल्या? वापस घेऊन जा हा फोन! रोज सकाळी हा पंचायतीच्या फलकासमोर उभा राह्यते. फोन वाचते अन् हा चौकात वरडते. घरकुलाची यादी, पाणीपट्टी, सगळं! आठ वर्षं त्या फलकाकडे कुत्रं पाह्यत नव्हतं. आता ग्रामसभेले बसायले जागा नाही!"

मॅडमचा पेन थांबला. "रोज येतात?"

"रोज! दिवाळीलेही सोडलं नाही मले!"

"मग हे रोज फोन वापरतात, असं लिहून सही देता?"

पंजाबरावांनी रागारागात लिहिलं, सही ठोकली.

तेव्हा कुठं कडूबानं खिशातून फोन काढला. "आणा तो कागद इकडे. सरपंचानं सही केलेला कागद मी वाचल्याबिगर सोडत नसतो."