चौकटीबाहेरचा हात

चैत्रातल्या दुपारी जळगावातल्या आमच्या उपचारकेंद्रात कूलरच्या ओल्या वाळ्याचा मंद गंध भरून राहिलेला असतो, आणि त्या गंधात बसून मी पडद्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातली दुपार पाहत असते. अंगावरून वारं गेलेल्या माणसांचे हात पुन्हा कामाला लावणं हा माझा व्यवसाय. इथे टेबलावर मणी वेचणारा, बरणी उघडणारा हात घरी गेल्यावर काय करतो, हे कळावं म्हणून आम्ही कपाळावर बांधायचा एक लहानसा कॅमेरा देतो. तो आवाज टिपत नाही, केवळ डोळ्यांसमोरचं दृश्य टिपतो, आणि कोणता हात किती कामात होता ते संगणक त्यातून काढतो. इतका निर्विकार साक्षीदार विरळाच.

भडगावजवळच्या, गिरणाकाठच्या खेड्यातल्या अक्कांचा उजवा हात आमच्या साऱ्या परीक्षांना उतरला होता. त्यांचं मागणं एकच होतं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेला दिलेली लेक माहेरी येते, तिच्या ताटात खापरावरचा मांडा त्यांच्याच हातचा पडायला हवा. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत पसरवत न्यायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची; हे एका हाताचं काम नव्हे. यंदा जमलं नाही तर खापर सुनेच्या स्वाधीन करून चुलीपुढून कायमचं उठायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, म्हणून मला ते अधिक लागलं.

पहिलं चित्रण पाहून मी चक्रावले. उजवा हात दिवसभर लुगड्याच्या कोऱ्या काठावर निपचित पडलेला, आणि पाण्याच्या पेल्यापासून भाकरीच्या घासापर्यंत सारं सुनेच्या हातून थेट ओठांशी येत होतं. मांडे यंदा विसरा, असं मी सांगणारच होते. पण त्यांची सून वंदना चुलीपुढे भाकरी थापतानाही ठेवणीतली साडी नेसलेली दिसली आणि मला शंका आली. विचारलं तेव्हा ती ओशाळली.

"मॅडम, कॅमेरामा दिसी ना मंग, आजारी सासूले कामले लावतस म्हनीसन!"

एरवी लसूण सोलणं, शेंगा फोडणं अक्कांकडेच होतं. त्या दिवशी मात्र घराची अब्रू राखायची म्हणून सासूला मखरात बसवलं होतं. मला हसू आलं आणि हायसंही वाटलं. आता कॅमेऱ्याची भीड न धरता अखाजीच्या दिवशी पुन्हा बांधा, एवढंच मी सांगितलं.

सण झाल्यावर ते दुसरं चित्रण मी लावलं. सुरुवातीला उजवा हात सतत चौकटीत होता. अक्का त्याच्याकडे, नुकतं चालायला लागलेल्या पोराकडे बघावं तशा बघत होत्या. पहिला मांडा फाटला. दुसऱ्यालाही भोक पडलं. मग नजर वर उठली, आणि हात चौकटीच्या खाली कुठेतरी हरवले. दिसत होती ती चुलीतली ज्वाळा, पलीकडे बसून काड्या सारणारी वंदना, दारातून वाकून बघणारी लेक. आणि मधूनच चौकटीच्या खालच्या कडेतून चंद्रासारखा अखंड मांडा पुढे येऊन खापरावर पडत होता. त्या साऱ्या वेळासाठी संगणकाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, हात आढळला नाही.

कॅमेरा परत द्यायला अक्का स्वतः आल्या. हात दिसलेच नाहीत, असं मी म्हटलं तेव्हा त्या खळखळून हसल्या.

"हातकडे दखत बसनू ते मांडा जळी जाई ना!"

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, हाताकडे लक्ष ठेवा. ते चुकीचं नव्हतं. पण ते लक्ष कधी काढून घ्यायचं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कदाचित ते सांगण्यासारखं नसेलही.

अक्कांनी फडक्यात बांधून आणलेला मांडा पुढे केला. माझी नजर सवयीने त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मला आवडतो की नाही म्हणून.