अरेरा कॉलनीतली कवळी

नर्मदेचा पूल आला तेव्हा मी गाडीच्या दाराशी कॅमेरा रोखून उभी होते. खाली नदी संथ पसरलेली, वर हिवाळ्यातलं कोवळं ऊन, पाण्यात एकुलती एक नाव. फोटो मात्र आले ते पुलाच्या लोखंडी पट्ट्यांचे. प्रत्येक पट्टीवर माझ्या कॅमेऱ्यानं अगदी मनापासून फोकस केला होता.

हा कॅमेरा दिसायला साबणाच्या डबीएवढा आहे. बटण दाबलं की त्यातून भिंग बाहेर येतं, आणि येतच राहतं. "मॅडम, चंद्रावरचे खड्डे दिसतील," असं दुकानदारानं सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. खड्डे दिसले. पण मला हवे होते पक्षी, आणि पक्ष्याला चंद्राइतका धीर नसतो. मी नाशिकला एका शाळेत गणित शिकवते. आमच्या टीचर्स रूममध्ये माझ्या फोटोंना 'नंदाबाईंच्या रिकाम्या फांद्या' म्हणतात. भोपाळच्या तलावावर हिवाळ्यात खूप पक्षी येतात असं ऐकलं, तिथे मावशी राहते हे आठवलं, आणि नाताळच्या सुट्टीचं तिकीट काढलं.

भोपाळच्या अलीकडचं मिसरोद मागे पडलं आणि गाडी शहरात शिरली. स्टेशनवर काका, म्हणजे मावशीचे यजमान, मफलर, कानटोपी, स्वेटर आणि वर कोट अशा थाटात उभे होते. त्यांचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे आले आणि इथलेच झाले. काकाही सिंचन खात्यातून निवृत्त झाले. मराठी बोलता बोलता त्यांची हिंदी कधी सुरू होते ते त्यांनाही कळत नाही.

"नंदा, सफर कसं झालं? काही तकलीफ?"

"नाही काका. पण तुमचा आवाज बसलाय का?"

"बसलाय कुठला, तयार होतोय!" काका छाती काढून म्हणाले. "परवा नाटक आहे आपल्या मराठी मंडळींचं. मी प्रधानजी. दुसऱ्या अंकात माझं लंबं भाषण आहे. एकदम जबरदस्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या तलावावर गेले. धुकं पाण्यावर रेंगाळत होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. दूर एका खुंटावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. मी भिंग पुरतं बाहेर काढलं, श्वास रोखला आणि भराभर फोटो घेतले. तेवढ्यात फिरायला आलेली एक बाई माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावली.

"दीदी, ये तो छाता है।"

ती खरोखरच छत्री होती. मोडकी, काळी, कुणीतरी खुंटाला अडकवलेली. पण त्या बाईला कॅमेरा भयंकर आवडला. तिनं नवऱ्याला हाक मारली, नवऱ्यानं भावाला. त्यांना पलीकडच्या काठावरचं त्यांचं घर बघायचं होतं. धुकं विरल्यावर मी ते शोधून दिलं. गच्चीवर एक म्हातारा पतंग उडवत होता. "और हमसे कहते हैं घुटने में दर्द है!" असं म्हणून ती मंडळी तरातरा निघून गेली. मी शेव घातलेले पोहे आणि गरम जिलेबी खाऊन घरी परतले. पक्षी एकही मिळाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे नाटकाच्या दिवशी, काका दुपारी गच्चीवर तालीम करत होते. गच्ची दुमजली घराची, समोर अरेरा कॉलनीचा छोटा बगीचा, बगीच्यात एक कडुनिंब, आणि पलीकडे दुबेजींचं बैठं घर. दुबेजी म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. कडुनिंब त्यांनी लावलेला. त्याच्या एका फांदीमुळे आपल्या गच्चीवरचं ऊन अडतं म्हणून काकांनी तक्रार करून ती तोडवली होती. तेव्हापासून ही दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती. इतकी की दोघांना एकच दूधवाला चालत नसे.

मी आणि मावशी खाली मटार सोलत होतो. वरून "शत्रूचे सैन्य सीमेवर उभे ठाकले असता" असं ठणठणीत ऐकू येत होतं. मग थोडा वेळ शांतता. आणि मग वेगळाच आवाज आला.

"नेले! नेले! वानरानं नेले!"

आम्ही धावत वर गेलो. काका कठड्यापाशी हात वर करून उभे होते. चेहरा नेहमीपेक्षा आखूड दिसत होता.

"काय नेलं, काका?"

त्यांनी तोंड उघडून आत बोट दाखवलं. तोंडात काहीच नव्हतं.

झालं होतं असं: मधल्या विश्रांतीत काका जाम (म्हणजे आपला पेरू) खात होते. एक बी कवळीखाली अडकली. म्हणून त्यांनी कवळी काढून बशीत, फोडींच्या शेजारी ठेवली आणि चूळ भरायला वळले. तेवढ्यात कडुनिंबावरून एक भलामोठा वानर आला. त्यानं फोडी घेतल्या आणि, सोबत आहे तर असू दे म्हणून, कवळीही घेतली.

"नाटकाचं काय आता?" मावशी मटकन खाली बसली.

"फत्रूचे फैन्य..." काकांनी करून पाहिलं आणि ते स्वतःच थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते. निवृत्तीनंतर दरवर्षी ते त्या नाटकाच्या मंडळींत खुर्च्या मांडत आले होते. स्टेजवर उभं राहायची ही पहिलीच वेळ होती.

मी खाली पळाले आणि कॅमेरा आणला.

वानर बगीचा ओलांडून दुबेजींच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीवर जाऊन बसला होता. साध्या डोळ्यांना तो राखाडी गाठोड्यासारखा दिसत होता. मी कोपरं कठड्यावर टेकवली आणि भिंग लांबवत नेलं. पडदा थरथरला, धूसर झाला, आणि मग एकदम स्वच्छ झाला.

वानर कवळी हातात घेऊन उलटीसुलटी बघत होता. सोनारानं दागिना पारखावा तशी. त्यानं ती हुंगली, एकदा चाटली, आणि मग तोंडासमोर आडवी धरली. त्याच क्षणी त्यानं सरळ आमच्याकडे पाहिलं. काळ्या चेहऱ्यावर स्वच्छ, सरळ, गुलाबी हिरड्यांचं हसू. मी बटण दाबलं.

मावशी पडद्यावर वाकली. "अगं बाई! हे तर अगदी हेच! लग्नाच्या अल्बममध्ये असेच हसलेत!"

"तेव्हा माफे फोताचे होते!" काका संतापून म्हणाले.

वानर टाकीवरून खाली उतरला. दुबेजींच्या गच्चीवर पांढऱ्या चादरीवर ओळीनं काहीतरी वाळत घातलं होतं. बड़ी, मावशीनं सांगितलं. डाळीची, आपल्या सांडग्यांसारखी. बड्या दिसताच वानरानं दोन्ही हात मोकळे केले, मुठी भरल्या आणि कडुनिंबात नाहीसा झाला. मी चादरीवरची एकेक ओळ पडद्यावरून सरकवत गेले. बड्या, बड्या, बड्या, आणि तिसऱ्या ओळीत, शिस्तीत, काका. मी त्याचाही फोटो घेतला.

आता आणायला कोण जाणार? काका मान फिरवून उभे राहिले. मावशीनं दुबेंच्या पायरीवर पाय न ठेवण्याची शपथ घेतलेली होती. शेवटी मीच कॅमेरा घेऊन निघाले.

दुबेजींनी दार उघडलं. उंच, ताठ, घरातही इस्त्रीचा कुर्ता. मी नमस्कार करून सगळं सांगितलं. त्यांनी ते वर्गात विद्यार्थ्याचं उत्तर ऐकावं तसं ऐकलं.

"आपका कहना है कि देशकर साहब के दाँत हमारी बड़ियों में हैं।"

"जी।"

"प्रमाण?"

मी पडदा पुढे केला. त्यांनी चष्मा बदलला, फोटो पाहिला, परत मागचा फोटो पाहिला. वानराच्या फोटोवर ते बराच वेळ थांबले. ओठ हलले नाहीत, पण कुर्ता पोटापाशी हलत होता.

"इतनी दूर से? हाथ में पकड़कर?" ते म्हणाले. "लेन्स बहुत अच्छा है।" मग पुन्हा कठोर झाले. "दाँत मिल जाएँगे। लेकिन लेने वो खुद आएँ।"

ही अट ऐकून काका आधी नाहीच म्हणाले. मावशी म्हणाली, "मग आज स्टेजवर फैन्य घेऊन जा." काकांनी मफलर तोंडाभोवती गुंडाळला आणि बगीचा ओलांडला. मी मागे होते.

दुबेजी दारात उभे होते. त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती, वाटीत कोमट पाणी, पाण्यात कवळी. आत त्यांच्या पत्नी उरलेल्या बड्या दुसऱ्या चादरीवर हलवत होत्या आणि ती तिसरी ओळ वेगळी काढत होत्या. काकांनी मफलर खाली केला, कडुनिंबाकडे हात केला आणि हिंदीत एक लांब वाक्य बोलले. त्यातला 'नीम' हा शब्द सोडून मला काहीही कळलं नाही. सगळं फ, फ, फ असं होतं. बोलताना त्यांच्या डोळ्यांत मघाचं पाणी होतं.

दुबेजी ऐकत राहिले. मग त्यांनी वाटी खाली ठेवली आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"छोड़िए देशकर साहब," ते म्हणाले. "पेड़ ही तो है। मैंने भी बात बढ़ाई थी।"

काका चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी वाटी उचलली आणि मान हलवली.

बगीच्याच्या मध्यावर आल्यावर, कवळी बसवून झाल्यावर, मी विचारलं, "काका, माफी कशी मागितलीत? मला एक शब्द कळला नाही."

"माफी?" काका कुजबुजले. "मी म्हटलं, हा सगळा तुमच्या झाडाचा कसूर आहे, आता दुसरी फांदीपण छाटावी लागेल."

मी थांबले. काकाही थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं. दुबेजी अजून दारात उभे होते. त्यांनी हात हलवला, आणि काकांनीही हलवला.

"तू बोलू नकोस काही," काका म्हणाले. "मावशीलापण नाही."

संध्याकाळी नाटकाला दुबेजी सपत्नीक आले. मराठी त्यांना येत नाही. "दाँत हमारी छत से गए हैं, देखना तो पड़ेगा," असं म्हणून ते पहिल्या रांगेत बसले. दुसऱ्या अंकात प्रधानजींनी शत्रूचं सैन्य सीमेवर असं काही उभं केलं की शेवटच्या रांगेपर्यंत एकेक 'स' घुमला. सर्वांच्या आधी टाळ्या वाजवल्या त्या दुबेजींनी. त्या चुकीच्या जागी होत्या, भाषण अजून बाकी होतं. पण मग सगळ्यांनीच वाजवल्या.

निघायच्या दिवशी काका माझ्या बॅगेपाशी येऊन बसले.

"नंदा, तो फोटो. काढून टाक."

मला हे अपेक्षित होतं. पक्ष्यांच्या इतक्या शेपट्या आणि रिकाम्या फांद्यांनंतर मिळालेला तो माझा एकुलता एक धड फोटो होता. वानराच्या पापण्यांचा केस न् केस मोजता आला असता. डोळ्यात ऊन होतं, कडेला कडुनिंब धूसर होता. असा फोटो परत येणार नव्हता.

"काका, मी कुणाला दाखवणार नाही."

"तू नाही दाखवणार. पण आजकाल फोटो आपणहून फिरतात. सगळे प्रधानजी म्हणायला लागलेत मला. मग काय म्हणतील, माहितीये ना?"

स्टेशनच्या कॅन्टीनमध्ये आम्ही चहा घेत होतो, प्रधानजींना ओळखणारे दोघेजण येऊन हात मिळवून गेले, आणि काका कोटाची बटणं लावत ताठ बसले होते. मी त्यांच्यासमोर कॅमेरा सुरू केला. भिंग आवाज करत बाहेर आलं. मी एकदा फोटो पाहिला आणि पुसला. वानराचे सगळेच पुसले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रवासासाठी जामची पिशवी दिली.

नाशिकला टीचर्स रूममध्ये मी छत्रीचा फोटो दाखवला. पाणकावळा म्हणूनच दाखवला. सगळ्यांना आवडला. मला मात्र वर्गात फळ्यावर लिहिताना मधूनच ते काळं तोंड आणि ते हसू दिसायचं, आणि खडू थांबायचा. आपल्याजवळ नसलेला फोटो इतका स्पष्ट असतो हे मला माहीत नव्हतं.

होळीच्या सुमारास काकांचा फोन आला.

"नंदा, तो वानराचा फोटो आहे ना गं? दुबे बसलेत इथे. म्हटलं, मंगवून घेऊ."

"काका! तुमच्यासमोरच पुसला ना!"

"हो, पण..." काका घुटमळले. "कुठे असेल पडलेला, कॉपी वगैरे."

"नाही हो. खरंच नाही."

पलीकडे दोघांची कुजबुज झाली. मग दुबेजींचा आवाज आला, त्यांनी स्पीकर लावला होता. "बेटा, आपने तो ठीक से देखा था न? बताइए ज़रा। कैसा लग रहा था?"

मी सांगत गेले. टाकी, ऊन, पापण्या, हुंगणं, चाटणं, आडवी धरलेली कवळी.

"और दाँत?" दुबेजींनी विचारलं. "दाँत कैसे लग रहे थे?"

"सच बोलूँ? काका से ज़्यादा उसी पर जँच रहे थे।"

मला वाटलं, काका रागावतील. मग भोपाळमध्ये दोन म्हातारे हसायला लागले. ते इतका वेळ हसत होते की शेवटी मावशीनं येऊन फोन बंद केला.