तंदी उघडणारे मामा

आमच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटायची. उरलेला भात अम्मा रात्री पाण्यात घालून ठेवायची, सकाळी तोच ताकाबरोबर. अप्पा लग्नघरी भांडी घासायला जात. मुहूर्त नसले की कामही नसे. अशा घरातून मी बी.ए. झाले, हे मान वर करूनच सांगते.

तमिळ मुलखातल्या मराठी राजांच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत रामोजीमामा राहत. वीणेचे पडदे मेणात बसवायचे, तारा चढवायच्या, हा त्यांचा धंदा. पण गल्लीला ते लागत तंदी आली की. तंदी म्हणजे टेलिग्राम. रीत अशी, की ज्याच्या नावाची तंदी त्यानं ती उघडायची नाही. बातमी वाईटच असणार; ती आधी दुसऱ्यानं झेलायची. मामा पाकीट कानाशी धरत, डोळे मिटत आणि सगळ्यांना खाली बसवत. "आधी पाणी प्या. रडायला दिवस पडलाय."

लहानपणी मला कळेना, तारेतून कागद येतो कसा? मी विजेच्या खांबांवर चिठ्ठ्या शोधत हिंडे. मामा म्हणाले, "अगे, तमिळात तंदी म्हणजे वीणेची तार. आपल्या तंत्रीचंच पोर ते. इकडे छेडली, तिकडे वाजली."

"मग कागद?"

"वाजलेलं ऐकून पोस्टातला माणूस लिहितो."

माझा गोंधळ वाढलाच. पुढे कॉलेजात कळलं, टेलिग्राम म्हणजे दूरचं लिहिणं. मामांना ते पटलं नाही. "दूरचं लिहिणं तर कार्डही असतं. कार्ड आलं म्हणून कोण चूल विझवतं?"

मी नोकरीचे अर्ज धाडून बसले होते; एका मुलाखतीची तारीखही आली होती. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं दुकान नुकतंच निघालं होतं, तरी एका दुपारी तंदीच आली, माझ्या नावाची. अम्मानं चूल विझवली, केस सोडले. माझा अण्णा, थोरला भाऊ, मद्रासला हॉटेलात कामाला. "माझा पोर गेला!" शेजारणी येऊन बसल्या. मामा पापनाशमला वीणा दुरुस्त करायला गेलेले.

"मी वाचते की, अम्मा. इंग्रजी येतं मला."

"हात लावलास तर माझी शपथ आहे!"

पाकीट पाटावर, आणि मी शिकलेली बाई त्या पाटाकडे बघत बसलेली.

संध्याकाळी मामा आले. पाकीट कानाशी धरलं, उघडलं, वाचलं, उलटं केलं, पुन्हा वाचलं.

"अय्यो, कोण गेलं ते लिहिलंच नाही!"

"नीट बघा, मामा, खाली असेल," एक शेजारीण म्हणाली.

"खाली मद्रासच्या कचेरीचं नाव आहे. मुलाखत अलीकडे आणली म्हणे. उद्या सकाळी."

अम्माचे हुंदके थांबत नव्हते. "मग मी रडत्ये कशाला?"

"सुरू केलंस म्हणून. चूल पेटव आता. पोरीला रात्रीची गाडी गाठायची आहे."

स्टेशनापर्यंत माझी पिशवी मामांनीच घेतली. वाटेत त्यांनी पाकीट पुन्हा कानाशी धरून पाहिलं. "अशी तंदी कधी उघडली नव्हती गे. बातमी चांगली आहे ना, नक्की?"

काही वर्षांनी मामा गेले. तंदी आली नाही. कचेरीत माझ्या टेबलावरचा फोन वाजला आणि तो मीच उचलला. मध्ये कुणी नव्हतं. रिसीव्हर हातात धरून मला कळेना, आधी बसायचं की आधी पाणी प्यायचं.

ती नोकरी मला मिळाली होती. मी कायम झाले. आमच्या घरी चूल दोन्ही वेळा पेटते.