एकत्र ऐकायचा अल्बम

पुण्यातल्याच चार पोरांचा तो मराठी रॉक बँड. समोर जेमतेम पंधरावीस माणसं असायची, तेव्हापासून मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण त्यांच्या प्रेमात. आमचा एक शिरस्ता होता : त्यांचं नवीन काहीही आलं की पहिल्यांदा दोघींनी एकत्रच ऐकायचं. तो तिनेच घालून दिलेला. एकदा बसमध्ये मी एक गाणं एकटीने ऐकलं, तर बाईसाहेब आठवडाभर फुगून बसल्या होत्या.

या वेळी अल्बम आला तेव्हा ती धायरीच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान लावत होती. "थांब हं, निवांत ऐकू," म्हणाली. मी थांबले. मग तिचं ऑफिसचं काम निघालं, मग सासूबाई आल्या, मग दिवाळी. मी थांबतच होते. वारज्याहून ऑफिसला जाताना फोनवर त्यातलं गाणं आपोआप सुरू झालं, की झडप घालून बंद करायचे. ऑफिसातल्या पोरांनी विषय काढला, की डबा उचलून दुसऱ्या टेबलावर. वेडी म्हणा हवं तर. मला त्या थांबण्याचा अभिमान वाटायचा.

शेवटी एका रविवारी कर्वे रस्त्यावरच्या कॅफेत आम्ही भेटलो. तिथल्या स्पीकरवर आमच्या गायकाचा आवाज लागला आणि शब्द अनोळखी होते. मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मानेनेच तिला 'चल, ऊठ' म्हणून खुणावलं. तिचं लक्षच नव्हतं. ती मेनूकार्ड वाचत होती आणि तिचे ओठ हलत होते. मध्येच थांबले, मान डोलली, पुन्हा सुरू. मी बोटं काढली. ती आणि गायक, शब्दाला शब्द. आख्खं गाणं पाठ!

कॉफी कशीबशी संपवली आणि घरी आले.

दार लावून अल्बम ऐकला, तोही रागाने. भिकार निघावा अशी फार इच्छा होती. कुठला! पहिल्याच गिटारीला अंगावर काटा आला. तिसऱ्या गाण्यात ड्रम एकदम थांबतात आणि गायकाचा नुसता श्वास ऐकू येतो, तिथे मी मोठ्याने "आई गं!" म्हणाले. खोलीत कोणी नव्हतं. सोमवारी ऑफिसातल्या पोरांना सांगत सुटले, तर एक म्हणाला, "मॅडम, तो तर कधीच जुना झाला."

संध्याकाळी न राहवून तिलाच फोन केला. म्हटलं, ऐकला अल्बम.

ती एकदम खूश. "भारी आहे ना! अगं, आम्ही तर रिलीजच्याच दिवशी ऐकला, सामान लावता लावता. तिसऱ्या गाण्याला हा इतका पेटला, की पॅकिंगचे खोकेच बडवायला लागला." हा म्हणजे तिचा नवरा.

मी एवढंच विचारलं, "मग मला का नाही बोलवलंस?"

ती खरोखरच गोंधळली.

"कशाला? तुला ऐकायला कोणी अडवलं होतं का?"