दोराला बांधलेली शेळी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. बंधनांमुळे कला खुलते का, असं कुणी विचारलं की मी भागवतचं उदाहरण देतो. वर्तमानपत्रात तसं लिहिलंही आहे. लिहिलं ते खरंच होतं. एक गोष्ट तेवढी गाळली.

नव्वदच्या दशकात, बारामतीला कॉलेजात असताना, आम्ही इंदापूरच्या स्पर्धेसाठी एकांकिका बसवली. लेखक-दिग्दर्शक मी. कऱ्हाटीचा भागवत त्यात म्हातारा झाला होता — बाजारातून शेळी न विकता तशीच परत घेऊन निघालेला, मोरगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघत तिच्याशी बोलणारा. शेळी नव्हतीच, हातात नुसता दोर. तिच्याशी बोलायचं ते भागवत तालमीत स्वतःच रचायचा, घरी बोलतो तसं. पोरं हसायची. मग जवळ सरकून ऐकायची.

मी त्याला सांगितलं, स्पर्धेत बोली चालत नाही, तसा नियम आहे.

त्याने पुस्तकी भाषेत बोलून पाहिलं. जीभ अडखळली. मग म्हणाला, "म्हातारा मुकाच करू की. मुक्याला कुठली आलीया भाषा?"

इंदापूरला प्रयोग झाला. एक शब्द न उच्चारता तो त्या दोराशी काय काय बोलला! आमच्यानंतरची एकांकिका मात्र सबंध बोलीत होती. भागवत माझ्याकडे वळला. "ह्येंला कसं काय चालतंय रं?"

"मार्क कापतील त्यांचे," मी म्हणालो.

अभिनयाचं बक्षीस भागवतला मिळालं.

तसा नियम नव्हताच. तो माझा होता — का केला? परीक्षक पुण्याचे होते. सांगवीला माझे वडील भागवतसारखंच बोलायचे. ती भाषा माझ्या नावावर परीक्षकांच्या कानी पडेल, याची मला लाज वाटली. एवढंच.

आज भागवत शाळेत पोरांची नाटकं बसवतो. सुखात आहे, मीही आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनाला मला पाहुणा म्हणून बोलावतो आणि पोरांना सांगतो, "त्या नियमानं मला नट केला. ह्यो आमचा पत्रकार साक्षीला हाय." मी मान डोलावतो. खोटं तरी काय त्यात? नट तर तो झालाच.

पण तालमीत शेवटी तो म्हातारा शेळीच्या कानाशी वाकायचा. "तुला इकायला न्हाय आनलं गं. घरी बोलाय कुनी न्हाय, म्हनून आनली."

इंदापूरला हे कुणी ऐकलं नाही. भागवतही विसरलाय. मला पाठ आहे.