चष्मा: नाही

बिबवेवाडीत आमच्या समाजात कुणाच्या पोरीचं लग्न निघालं की बायोडाटा लिहून घ्यायला माझ्याकडे यायचे. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेली, अक्षर सुरेख, आणि काय लिहायचं नि काय गाळायचं हे मला बरोबर कळतं, असा माझा लौकिक. आग लागो त्या लौकिकाला.

आम्रपाली माझ्या धाकट्या भावाची, संभाजीची मुलगी. तिला लहानपणापासून डोळे चोळायची सवय. मूठ करून खसाखसा चोळायची. मी हातावर चापट मारायची, डॉक्टरकडे मात्र कधी नेलं नाही. कर्वेनगरच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली, हिंजवडीला कंपनीत लागली, तेव्हा अख्ख्या गल्लीनं पेढे खाल्ले. पुढच्या वर्षभरात चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. नवा चष्मा लावूनही स्क्रीनवरचं एक अक्षर तिला तीन-तीनदा दिसायचं.

२००९ साली डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा गोल असतो. हिचा पातळ होऊन पुढे टोकदार निघत चालला होता. केराटोकोनस म्हणतात त्याला, आणि चोळल्यानं तो वाढतो.

"थेंब टाकून वर किरण सोडायचे, पडदा घट्ट होतो," डॉक्टर म्हणाले. "गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकते. मग स्पष्ट दिसायला कडक लेन्स. पण उशीर केलात तर शेवटी मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवावं लागेल. या महिन्यातच या."

या महिन्यात? अहो, रविवारी मुलगा बघायला येणार होता! बायोडाटा आधीच गेला होता आणि त्यात मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'चष्मा: नाही'.

संभाजी म्हणाला, "ताई, आधी डोळ्यांचं बघू या."

"तुला काय कळतंय?" मी त्याला झापलं. "डोळ्यांचा उपचार म्हटलं की स्थळ गेलंच समज. लग्न होऊ दे, मग नवऱ्याबरोबर जाईल."

त्या घरात माझ्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. याचा मला केवढा अभिमान! मी नुसत्या कडक लेन्स तेवढ्या करून आणल्या.

रविवारी त्या घालून ती चहाचा ट्रे घेऊन आली. डोळ्यांतून धार लागलेली. "हळवी आहे हो फार," मी म्हणाले. अनिरुद्ध, म्हणजे तो मुलगा, हसला आणि तिला खिशातला रुमाल दिला. मुलगा खरंच चांगला होता, हेच जास्त टोचतं. साखरपुडा झाला आणि कंपनीनं त्याला आठ महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. लग्न तो परतल्यावर.

"आत्या, तेवढ्यात उपचार करून घेऊ का?" आम्रपालीनं विचारलं. एकदा नाही, तीनदा.

"आठवडाभर गॉगल लावून बसशील, आणि त्याची आई दर रविवारी येते. तिला काय सांगू? आठ महिन्यांत डोळे काही पळून जात नाहीत. आणि फोनवर त्याला अवाक्षर बोलायचं नाही."

आठव्या महिन्यात ती भरदुपारी ऑफिसातून रिक्षानं आली, डोळा धरून. उजवं बुबुळ पांढरं झालेलं. ताणलेला पडदा आतून फाटून त्यात पाणी शिरलं होतं. डॉक्टरांनी डावा डोळाही तपासला.

"हाही आता इतका पातळ झालाय की किरणांचा उपचार करता येणार नाही," ते म्हणाले. "तेव्हा आला असतात तर दोन्ही टिकले असते." हे ते तिच्याशी नाही, माझ्याकडे बघून बोलले.

अनिरुद्ध परतल्यावर थेट घरी आला. तिच्या शेजारी बसला. "डोळ्यांचं सांगितलं असतंस तर मी निघायच्या आधी स्वतः घेऊन गेलो असतो. रोज फोनवर बोलत होतो ना गं आपण?" आत्यानं तोंड शिवलं होतं, असं ती म्हणाली नाही. मीही समोर मूग गिळून बसले. तो अंगठी काढून ठेवून गेला. दोन महिन्यांनी नोकरीही गेली.

वर्षभर वाट पाहिल्यावर उजव्या डोळ्यात कुणाचं तरी बुबुळ बसलं. मग टाके, थेंब, आणि इतकं करून वर जाड भिंगांचा चष्मा आलाच. ज्या दिवशी वर्तमानपत्र वाचता आलं, त्या दिवशी आम्रपालीनं माझ्यापुढे कागद-पेन आणून ठेवलं.

"नवा बायोडाटा करायचाय. लिही, आत्या."

नाव लिहिलं, शिक्षण लिहिलं. नोकरीपुढे 'होती' लिहायला लावलं.

"चष्मा: आहे. उजवा डोळा: मेलेल्या माणसाचा. डावा: रांगेत आहे."

माझा हात थांबला. "अगं, असं कुणी लिहितं का?"

"गाळू नकोस. आता मला वाचता येतं." ती कागदावर वाकली. "पुढे लिही. कारण: आत्या. लिही ना, तुझं अक्षर सुरेख आहे."

मी लिहिलं. तिनं चष्मा सारखा करून दोनदा वाचलं आणि झेरॉक्स काढायला घेऊन गेली.