ठिणगीची गिटार

वडील पंख्यांच्या, पंपांच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचे. करपलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी गुंडाळायची, की मेलेला पंखा पुन्हा फिरायला लागतो. ते गेल्यावर दुकान मुलीकडे आलं, कारण दादाला हात काळे करायचे नव्हते. तिला ठिणगी हे नाव वडिलांनीच पाडलेलं. पन्नाशी आली तरी गिऱ्हाईकं ठिणगीताईच म्हणत आणि काउंटरपासून जरा लांब उभं राहून बोलत.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. पण त्याखाली आणखी एक राग होता, जुना, मुरलेला. तो तिने कुणाला दाखवला नव्हता.

कॉलेजात असताना दादाचा बँड होता. तालीम दुकानामागच्या खोलीत चाले. बिघडलेले स्पीकर ती दुरुस्त करायची आणि ते करता करता बघून बघून गिटार शिकली. वर्षभरात दादाच्या पुढे गेली. बसवलेल्या गाण्यांमधले गिटारीचे तुकडे तिनेच बांधलेले. दादाची बोटं धरून त्याला शिकवायचीही तीच. कार्यक्रमात मात्र ती पडद्यामागे, अँप्लिफायरपाशी. एकदा धीर करून तिने विचारलं, "आज मी वाजवू?" दादा म्हणाला, "तू उभी राहिलीस तर लोक गाणं ऐकतील की तुझ्याकडे बघत बसतील?" सगळे खो खो हसले. पुढे बँड मोडला, दादाने गिटार परस्पर विकून टाकली आणि तिने त्या विषयापुरता कानाला खडा लावला.

परवा परवापर्यंत.

एका हॉटेलातला मुदपाकखान्याचा धूर ओढणारा पंखा बंद पडला, म्हणून ती मोटर खोलायला गेली होती. नवा मालक भिंती रंगवून घेत होता. भिंतीवरून उतरवलेल्या सामानात, तुटक्या खुर्चीवर आडवी पडलेली एक इलेक्ट्रिक गिटार होती. तिला फाटकाला लावतात तसला चंदेरी ऑइलपेंट फासलेला.

"ही वाजते?" तिने विचारलं.

"छे हो, शोभेची आहे. भंगारात चाललीय."

तिने गिटारीची मान उचलून डोळ्यासमोर धरली, लाकडावरून अंगठा फिरवला. गिटार तिच्याहून वयाने मोठी होती. "मजुरी नको," ती म्हणाली. "ही द्या."

मालकाला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. पण सौदा फायद्याचा, म्हणून त्याने लगेच गिटार तिच्या हातात दिली.

दुकानात आणून तिने गिटार उघडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या ज्याच्या हातून ती गेली होती, त्या प्रत्येकाने तिच्यावर सूड उगवला होता. कुणी स्क्रूच्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबलेल्या. कुणी वायर चक्क पिळा मारून जोडलेली, वर चिकटपट्टी. खुंट्या गंजून बसलेल्या. मान धनुष्यासारखी वाकलेली. "अरे, गाढवाला गुळाची चव काय!" ती रिकाम्या दुकानात ओरडली. शेजारच्या शिंप्याने डोकावून बघितलं आणि लगेच डोकं आत घेतलं.

मग ती भिडली. आधी रंग. गरम हवेचा झोत मारून पत्र्याच्या पातीने खरवडत गेली, तेव्हा चंदेरी पापुद्र्याखालून गडद लाल रंग वर आला. ठिकठिकाणी उडालेला, पण मूळचा. त्यावर तिने दुसऱ्या रंगाचा थेंब चढवला नाही. मानेत लोखंडी सळई असते. ती रोज थोडी थोडी आवळून तिने मान सरळ केली. एका दिवसात केली असती तर लाकूड तडकलं असतं, आणि तेवढी सबुरी तिला राग आवरून ठेवावी लागली.

खरी परीक्षा पिकअपची. तारांचा थरथराट पकडून आवाज करतात ते लोहचुंबक. त्याभोवतीचं वेटोळं तुटलं होतं. तार केसाहून बारीक. पंखे भरणाऱ्या तिच्या हाताला ती जाणवेचना. अर्ध्यावर आलं की तटकन तुटायची. प्रत्येक वेळी ती तारेला, चुंबकाला आणि दादाला एकाच दमात शिव्या द्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. शेवटी एकदा वेटोळं पुरं झालं. तिने जोडांना कथलाचे डाग दिले, तारा चढवल्या, अँप्लिफायर लावला आणि एक तार छेडली. आवाज जाडसर, किंचित खरखरीत. ती स्टुलावर बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

बातमी दादापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? तो मिठाईसारखं गोड हसत आला. जुन्या बँडचा पुन्हा एकदा कार्यक्रम ठरला होता.

"अगं, काय चीज बनवलीस! कार्यक्रमाला मीच वाजवतो ही. शोभेल मला."

"नाही."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दादा, नाही म्हणजे नाही."

तो हसत हसतच गेला, तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती पंप बघायला बाहेर गेली आणि परत येऊन बघते तो खुंटीवर गिटार नाही. दुकानात नवरा बसला होता. चष्म्याच्या दुकानातून तो जेवायच्या सुट्टीत इकडे येई. साधा माणूस, कुणालाही नाही म्हणायला त्याची जीभ वळत नसे.

"दादा आले होते," तो चाचरत म्हणाला. "तुला विचारलंय म्हणाले..."

"अहो, माझी जीभ कापून मागितली असती तर तीही दिली असतीत?"

एप्रनसुद्धा न काढता ती तशीच तरातरा निघाली. सभागृहात तालीम रंगात आली होती. दादा डोळे मिटून वाजवत होता आणि तो तुकडा तिचाच होता, तिने बांधलेला. त्यातली एक जागा तो तेव्हा चुकायचा तशीच आजही चुकत होता. तिने अँप्लिफायरचं बटण बंद केलं.

"दे इकडे."

"अगं, लोकांसमोर तमाशा करू नकोस."

"लोकांसमोर मला उभं राहू दिलंस कधी तू?"

ड्रमवाला, आता पिकल्या केसांचा, मध्ये पडला. "ताई, कार्यक्रम तोंडावर आलाय. असं काय करता?"

"मी वाजवू का विचारलं होतं, तेव्हा तुम्ही हसला होतात. आठवतंय?"

ड्रमवाल्याने दादाकडे बघितलं. दादाने खांदे उडवले. "कधी? मी काय म्हणालो होतो?"

ते खोटं बोलत नव्हते. कुणालाच आठवत नव्हतं. इतकी वर्षं जे तिच्या छातीत जळत होतं, ते यांच्यासाठी घडलंच नव्हतं. त्या क्षणी ती जितकी चिडली, तितकी आयुष्यात कधी चिडली नव्हती. तिने दादाच्या गळ्यातला पट्टा स्वतःच्या हाताने काढला.

"बरं बाई, मग तूच वाजव!" दादा मागून ओरडला. "ये कार्यक्रमाला!"

ती दारात थांबली. क्षणभर खरंच मोह झाला. "तुझी अडचण झाली म्हणून?" ती म्हणाली आणि बाहेर पडली.

कार्यक्रम उसन्या गिटारीवर झाला. चांगला झाला म्हणे, आणि तेही तिला लागलं. आईचा फोन आला: "एका गिटारीपायी सख्खा भाऊ तोडलास?" "मी नाही तोडला," ती म्हणाली, "त्याला कळलं की येईल." तो अजून आलेला नाही. नवरा मात्र न सांगता नव्या तारांचा संच घेऊन आला आणि काउंटरवर ठेवून गुपचूप निघून गेला. दोन दिवस तिने त्या संचाला हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी चढवला.

आता दुपारी, गिऱ्हाईक नसलं की ती वाजवत बसते. बोटं आखडलीत, शेंडे सोलवटतात. शिंपी भिंतीवर थापा मारतो. "ताई, हळू!"

ती आवाज आणखी वाढवते.